नाव काढलं, नाव घातलं: डॉर्टमुंडमधले काही नाताळ

जर्मनीत चर्चच्या यादीतून नाव काढायचं तर आमच्या राज्यात, म्हणजे नॉर्थ राइन वेस्टफालियात, ३० युरो पडतात. परत घालायचं तर एक छदामही लागत नाही. मी दोन्ही केलं आहे. मधल्या काळात मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतं का ते खूप शोधलं. पगारातून काय काय कापतात याचे व्हिडिओ ढीगभर सापडले, पण ज्याचं अख्खं बालपण चर्चच्या आवारात गेलं अशा माणसानं नाव काढायचं ठरवलं तर पुढे त्याचं काय होतं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, त्यानंतर कधीतरी आमचे पणजोबा-खापरपणजोबा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले. पप्पा मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे नाताळला होतात, आणि डिसेंबरात रात्री-अपरात्री गाणी म्हणत येणाऱ्या पोरांना चहा पाजण्यात आईचा अर्धा महिना जातो. अशा घरातून २०१९ च्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी डॉर्टमुंडला आले तेव्हा धर्म हा विषय डोक्यातही नव्हता. घर, बँक, विमा यांतच जीव मेटाकुटीला आला होता.

इथं राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्या फॉर्ममध्ये धर्माचा एक रकाना असतो. मी 'एव्हांगेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, असं लिहिलं. दाखला कुणी मागितला नाही. बाईंनी टाइप केलं आणि पुढच्याला हाक मारली.

त्या एका शब्दाचा अर्थ पहिल्या पगारपत्रकात कळला. किर्शनश्टॉयर, चर्चचा कर. तुमच्या आयकराच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत ८ टक्के. महिन्याला ८०० युरो आयकर जात असेल तर वर ७२ युरो चर्चचे, वर्षाचे ८६४. सरकारच कापून घेतं आणि चर्चकडे पोचवतं. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतली ही तरतूद आजच्या घटनेतही तशीच ठेवली आहे. विवरणपत्र भरताना ही रक्कम वजावटीत दाखवता येते, ते विसरू नका. आईला फोनवर हिशोब सांगितला तर ती म्हणाली, "आपल्याकडे दशांश पगाराचा द्यायचा असतो. हे तर कराच्या नऊ टक्क्यांवरच भागवतायत."

नव्यानं येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: धर्माच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं तरी कुठल्याही चर्चमध्ये उपासनेला बसता येतं. दारात यादी घेऊन कुणी उभं नसतं.

पहिला नाताळ मजेत गेला. हान्साप्लात्झवर सतराशेच्या आसपास छोटी झाडं रचून ४५ मीटर उंच झाड उभं केलं होतं, ते बघायला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा आईला व्हिडिओ पाठवला. राइनोल्डी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आले, भाषा निम्मी कळली. दुसऱ्या वर्षी लॉकडाऊन होतं. चर्चमध्ये गायला बंदी, बाकावर माणसं दूरदूर, तोंडाला मास्क. मी घरीच बसले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पप्पांना कोविड झाला. ऑक्सिजनसाठीची धावपळ तेव्हा घराघरानं पाहिली, ती परत लिहीत नाही. मी इथं अडकलेली. गेले तर परत येऊ देतील की नाही, त्याची खात्री नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रार्थनेची साखळी सुरू झाली. नगर, पुणे, सोलापूर, मिरज अशी माणसं, प्रत्येकाला अर्धा तास, यादीत नावापुढे वेळ लिहिलेली. माझी वेळ भारतातली सकाळची सात, म्हणजे इथली पहाटेची साडेतीन. गजर लावून उठायचे, स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी राहायचे आणि मागायचे. आठवड्याभरात पप्पा गेले. दफनविधी फोनवर पाहिला. भावाच्या हातातला फोन हलत होता, त्यामुळे बराच वेळ मला कुणाच्या तरी पीपीई किटमधला निळा पाय तेवढा दिसत होता.

नंतर जो तो सांगू लागला, प्रभूला त्यांची गरज होती, प्रभूनं बोलावून घेतलं. सांगणारे मायेनंच सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती यादी यायची, नावं आणि त्यांच्यापुढच्या वेळा. एवढ्या लोकांनी मागितलेलं ऐकलंच गेलं नाही, की ऐकून नाही म्हटलं? दोन्हींतलं कुठलंच उत्तर मला चालणार नव्हतं. देव नाही असं तेव्हाही वाटलं नाही. भावकीत जमिनीवरून बोलणं बंद होतं तसं झालं. माणूस आहे हे ठाऊक असतं, तो दारावरून जातो, आपण मान वळवून घेतो.

पगारपत्रकातली ती ओळ मग खुपायला लागली. चर्चच्या यादीतून नाव काढायचं ठरवलं. ऑफिसात मी पैशांचं कारण सांगितलं, कारण ते इथं कुणालाही लगेच पटतं. २०२२ या एका वर्षात जर्मनीत ५,२२,८२१ लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं, प्रोटेस्टंट चर्च सोडणारे ३,८०,००० च्या घरात होते. त्या गर्दीत मी कुणाच्या नजरेतही आले नसते.

आमच्या राज्यात हे काम चर्चमध्ये होत नाही, कोर्टात होतं. आम्ट्सगेरिश्ट म्हणतात, आपल्या तालुका कोर्टासारखं. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये त्यासाठी श्टांडेसआम्टमध्ये जायचं, जिथं जन्म आणि लग्नं नोंदवतात. इथं वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. मला दीड महिन्यानंतरची मिळाली. न्यायचं काय, तर पासपोर्ट, पत्ता नोंदवल्याचा कागद आणि ३० युरो. कुणाला प्रत्यक्ष जायचं नसेल तर नोटरीकडून सही प्रमाणित करून अर्ज पाठवता येतो, पण त्याचे पैसे वेगळे.

कारण विचारतील म्हणून मी एक वाक्य तयार केलं होतं. जर्मन मैत्रिणीकडून त्याचं व्याकरण तपासून घेतलं, ट्राममध्ये पाठ केलं. टेबलापलीकडच्या बाईंनी जन्मतारीख विचारली, स्पेलिंग दोनदा पाहिलं, सही घेतली, शिक्का मारला. कारण विचारलंच नाही. माझं वाक्य तसंच राहिलं. पाच-सात मिनिटांत मी बाहेर, हातात एक कागद. हा कागद जन्मभर जपायचा, पुढे शहर बदललं आणि नोंदीत गोंधळ झाला तर तोच पुरावा.

जाण्याआधी दोन गोष्टींचा विचार करा. डायकोनी किंवा कारितास या चर्चच्या संस्था आहेत. त्यांच्या हॉस्पिटलात किंवा बालवाडीत नोकरी असेल तर आधी करार नीट वाचा. आपल्याकडच्या कितीतरी नर्सना हे लागू पडतं. आणि वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मंडळींनी हेही लक्षात घ्यावं की जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार असं नाव काढलेल्याला चर्चचे संस्कार, म्हणजे पापांची कबुली, पवित्र भाकर वगैरे, घेता येत नाहीत. परत यायचं तर फादरांशी बोलणं होतं आणि बिशपांची परवानगी लागते. प्रोटेस्टंटांची वाट त्यामानानं सरळ आहे.

घरी कळवलं नाही. महिन्याभरानं इथल्या मंडळीकडून एक पत्र आलं, छापील पण खाली शाईनं सही केलेलं. तुमचा निर्णय कळला, बोलावंसं वाटलं तर दार उघडं आहे, असं काहीसं. मी ते टाकून दिलं नाही, विम्याच्या फाइलमध्ये सरकवलं.

२०२२ चा नाताळ म्हणजे नुसती सुट्टी. परदेशात एकट्यानं राहणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे की २४ डिसेंबरच्या दुपारनंतर जर्मनी बंद होतं. दोनच्या सुमाराला दुकानं मिटतात, ट्राम रोडावतात, २५ आणि २६ ला सार्वजनिक सुट्टी. २४ ला जर्मन माणूस घरच्यांतच असतो. मित्रांना बोलावलंच तर २६ ला. त्यामुळे सर्वांत जड जाते ती २४ ची संध्याकाळ. मी आईनं पाठवलेल्या चकल्या खात मालिका पाहिली. तासातासाला कुठल्या ना कुठल्या चर्चची घंटा वाजत होती, ती ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवला.

२०२३ मध्ये २४ तारीख रविवारी आली. म्हणजे आगमनकाळाचा, नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाचा, चौथा रविवार आणि नाताळची संध्याकाळ एकाच दिवशी, आणि दुकानं सलग तीन दिवस बंद. शनिवारी सुपरमार्केटात ही रांग. मी दूध, ब्रेड, कांदे घेऊन आले तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. चाकांचा वॉकर घेऊन चालतात. मुलगा आजारी पडल्यामुळे यायचा नव्हता. म्हणाल्या, "उद्या चार वाजता मला चर्चपर्यंत सोडाल का? पावसानं रस्ता घसरडा झालाय." सोडून परत यायचं असं ठरवून मी हो म्हटलं. आत माणसांची दाटी, त्यांचा वॉकर कुठं ठेवायचा यावरून गोंधळ, तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला आणि मी बाकाच्या मधोमध अडकले. दोन्हीकडे आख्खी कुटुंबं.

मुलांचं नाटक होतं. इथं ते जवळजवळ प्रत्येक चर्चमध्ये २४ च्या दुपारी असतं. एका माणसानं लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायला घेतला. तो आम्हाला संडे स्कूलमध्ये घोकून घोकून पाठ झालेला. कैसर औगुस्ताची आज्ञा निघते, प्रत्येकानं आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवायचं, योसेफ दिवस भरलेल्या मरीयेला घेऊन निघतो. पुढ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा रोमन अधिकारी होऊन टेबलाशी बसला होता. हातात खरा शिक्का, जांभळ्या शाईचा. जो येईल त्याचा हात ओढायचा आणि मनगटावर उमटवायचा. योसेफ झाला, मरीया झाली, मग मेंढपाळांची पाळी. मेंढरू झालेली एक चिमुरडी हात देईना, तर यानं तिच्या कापसाच्या कानावरच शिक्का मारला.

मला हसू फुटलं. ज्या गोष्टीवर मी वाढले ती सरकारी नोंदणीच्या रांगेपासून सुरू होते, हे इतक्या वर्षांत कधी कानाला लागलंच नव्हतं. पत्ता, व्हिसा, विमा, कर, कोर्ट, माझी चार वर्षं त्या पोराच्या टेबलासमोर उभी होती. आजींनी वळून पाहिलं आणि त्याही हसायला लागल्या, का ते न कळता.

शेवटी दिवे मालवले. भिंतीवरच्या फळ्यावर गाण्यांचे आकडे, त्यांत ४६. इथल्या गीतपुस्तकात हा 'श्टिले नाख्ट'चा, म्हणजे 'सायलेंट नाइट'चा, क्रमांक. १८१८ च्या नाताळच्या संध्याकाळी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात हे पहिल्यांदा गायलं गेलं, आणि तीच चाल पप्पा नगरला पेटीवर वाजवायचे. ते फार ओढून म्हणायला लावायचे. शेवटच्या ओळीला भात्यातली हवा संपायची आणि सूर खाली बसायचा, तरी ते पुढचं कडवं तितक्याच संथ घ्यायचे. मी मराठीतून म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्याच्या पुढे आवाज निघेना. आजींनी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं, त्यांना वाटलं मी जागा चुकले.

निघताना दानपेटीत नाणी टाकली. त्या दिवसाचं दान 'ब्रोट फ्युअर डी वेल्ट'ला जातं, १९५९ मध्ये सुरू झालेली मदतसंस्था आहे. आजींना घरी सोडलं आणि एकटीच पुन्हा खाली उतरून पावसात कोपऱ्यापर्यंत चालत गेले. काही साक्षात्कार वगैरे झाला नव्हता. प्रश्न होता तिथंच होता. पण अडीच वर्षं बंद असलेलं बोलणं मी चालता चालता सुरू केलं होतं, तेही तक्रारीनं, मराठीत, बऱ्यापैकी मोठ्यानं. पप्पा आजारी माणसांकडे गेले की १३ वं स्तोत्र वाचायचे. तेही 'कुठवर' असं विचारतच सुरू होतं. लहानपणी मला वाटायचं, आजाऱ्यापुढे हे असलं रडगाणं कशाला. त्या रात्री मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली. मधे साडेतीनला जाग आली तेव्हा नगरच्या आठच्या उपासनेचं थेट प्रक्षेपण लावलं. कॅमेरा व्यासपीठावर होता, आईचा नुसता अंबाडा दिसला.

लगेच पळत जाऊन नाव घातलं नाही. आधी मधूनमधून रविवारी जात राहिले. मार्चमध्ये चर्चच्या शहरातल्या कचेरीला ईमेल केली. मोठ्या गावांत परत येणाऱ्यांसाठी वेगळी कचेरी असते, व्हीडरआइनट्रिट्सश्टेले असं लांबलचक नाव. कुठल्याही पास्टरकडे थेट गेलं तरी चालतं. दोन दिवसांत उत्तर आलं. ओळखपत्र, कोर्टाचा कागद आणि बाप्तिस्म्याचा दाखला आणा. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, एकदाच होतो, पण माझा इथं झालेला नसल्यामुळे नोंदीसाठी पुरावा हवा होता.

दाखला नगरहून मागवायचा तर आईला सगळं सांगणं आलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोर्टात? वकील लावला होतास का?" नव्हता म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. पुढचं सगळं तिनंच केलं. नगरच्या चर्चच्या पाळकसाहेबांना माझं जन्मसाल आणि पप्पांचं पूर्ण नाव लिहून दिलं. नोंदवही हातानं लिहिलेली, वर्षाचा अंदाज चुकला की पानंच्या पानं चाळावी लागतात. मग त्यांचाच मला फोन आला.

"जय ख्रिस्त, बाळा. लग्न ठरलंय का?"

दाखला लोक लग्नासाठीच मागतात, त्यांचं काही चुकलं नाही.

"जय ख्रिस्त, पाळकसाहेब. नाही, इथल्या चर्चमध्ये नाव घालायचंय परत."

ते क्षणभर थांबले. "मग इंग्रजीतही देतो. त्यांना वाचता आला पाहिजे ना."

दाखला ऑगस्टमध्ये हातात पडला. कुरिअरचे अडीच हजारांच्या आसपास गेले. स्कॅन आधी पाठवला तर चालतं, पण मूळ प्रत एकदा दाखवावी लागते. एक अडचण निघाली. नोंदवहीत माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम होता, पासपोर्टात वडिलांचं नाव माझ्याच नावाला चिकटलेलं. जर्मन कचेऱ्यांना हे कोडं कायम पडतं. मी जन्मदाखल्याची प्रत जोडली आणि काम झालं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पास्टरबाईंनी भेटीला बोलावलं. खोलीत दोन खुर्च्या, थर्मासात चहा, खिडकीत आगमनकाळाचं चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं तयार करून ठेवलेलं, १८३९ मध्ये हांबुर्गच्या व्हिखर्न यांनी अनाथ मुलांसाठी सुरू केलेली ही प्रथा. आधी त्यांनी दाखला वाचला आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे काय ते विचारलं. सहा चर्चसंस्था १९७० मध्ये नागपूरला एकत्र आल्या, हे सांगताना मला उगीचच ताठ बसावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, आमचंही वेस्टफालियाचं चर्च असंच लुथरन आणि रिफॉर्म्ड मिळून झालेलं आहे.

मग विचारलं, परत का यावंसं वाटतं? कोर्टातलं वाक्य तयार होतं, इथलं नव्हतं. मी म्हटलं, विश्वास परत आलाय असं मला म्हणता येणार नाही. पप्पांचं सांगितलं, यादीचं सांगितलं. आता त्या संशयी थोमाची, पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याची, गोष्ट काढतील असं मला वाटलं होतं, अशा वेळी सगळे तीच काढतात. त्यांनी नाही काढली. पप्पा कुठलं वाद्य वाजवायचे, ते विचारलं. पेटी कशी असते ते मी हातवारे करून दाखवलं. बराच वेळ आम्ही भात्याबद्दलच बोललो.

फॉर्म एक पानाचा. नाव, जन्म, बाप्तिस्म्याची तारीख आणि जागा, नाव काढल्याची तारीख, सही. "माझ्या शंका कुठं लिहायच्या?" असं मी अर्धवट गमतीत विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यासाठी रकाना नाही. असता तर मलाही भरावा लागला असता." शुल्क काही नाही. १ डिसेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेतलं. नाव वाचून दाखवलं नाही, उभं केलं नाही. मला धास्ती होती त्याचीच.

जानेवारीच्या पगारपत्रकात ती ओळ परत आली, डिसेंबरच्या बाकीसकट. पालिकेला आणि कर खात्याला चर्चच कळवतं, आपल्याला कुठं जावं लागत नाही. २०२४ चा नाताळ आजींच्या शेजारी त्याच बाकावर झाला. या वेळी त्यांचा मुलगाही होता आणि तो माझ्याहून बेसूर गातो. पप्पांच्या बाबतीत माझं देवाशी अजून पटलेलं नाही. बोलणं मात्र चालू आहे, काही दिवशी एकतर्फी.

तुम्हालाही दाखला मागवायचा असेल तर एक विनंती. गावाकडच्या पाळकसाहेबांना डिसेंबरात त्रास देऊ नका, तेव्हा त्यांना जेवायला सवड नसते. फेब्रुवारीत विचारा, आणि नोंदवहीतलं वर्ष आईला आधी नीट आठवून ठेवायला सांगा.